शेतातले आभाळ

पूर्वी सुबल नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेणुमती नदीकाठच्या उंचगावात पाटकरी होऊन जन्मले. वरच्या बंधाऱ्यावरून आलेले पाटाचे पाणी शेताशेतांत वाटून देणे हे त्यांचे काम.

उंचगावाला एक भलतीच हौस होती. वैशाखातही ज्याच्या शेतात आभाळ दिसण्याइतके पाणी उभे असे, त्याच्या घरी सोयरीक आधी येई. गावचा ग्रामणी भद्रक याच्या शेतात तर ते या बांधापासून त्या बांधापर्यंत दिसे. तेच पाणी बघून नदीच्या खालच्या अंगाच्या सांगवण गावातल्या लोकांनी त्याची थोरली लेक सुमना सून म्हणून नेली होती.

पण उभे पाणी नुसते उभे राहत नाही. ते जमिनीत मुरे, खोलवरचे मीठ विरघळवी आणि दरडीतून पाझरत पुन्हा नदीला मिळे. बोधिसत्त्व दर अमावास्येला त्या पाझराची चव घेत. एका माघात त्यांनी घोट तोंडात धरला आणि थुंकून टाकला. खाली सांगवण हेच पाणी पीत होते.

ते भद्रकाकडे गेले. म्हणाले, "दादा, पाट गळतोय, तो चिकणमातीनं लिंपू. शेतं भरायची नाहीत, सऱ्या पाडून त्यांतून बेताचं पाणी द्यायचं. दोन महिने सगळ्या गावाला राबावं लागेल आणि एक उन्हाळी पीक जाईल. हे मी लपवत नाही."

"आणि आम्हाला काय मिळेल?"

"यंदा काही नाही. पुढं आपल्याही जमिनी वाचतील. पण आधी खालच्यांना गोड पाणी मिळेल."

"म्हणजे घाम आमचा, पीक आमचं, आणि तहान भागायची त्यांची," भद्रक म्हणाला. "वा रे पाटकरी."

"तिथं सुमना आहे, दादा. तिला सातवा महिना लागलाय."

भद्रक म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू. यंदा धाकटीला बघायला पाहुणे यायचेत."

बोधिसत्त्व उठून आले. त्यांनी आपल्या वाट्याचा पाट एकट्याने लिंपला आणि आपल्या शेतातले उभे पाणी तोडले. पीक निम्म्यावर आले, लोक हसले. एका शेताने नदी गोड होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

उन्हाळा कडक निघाला. नदी आटत गेली तशी खारट होत गेली. ज्येष्ठात सांगवणची माणसे गाठोडी घेऊन काठाकाठाने वर आली. गुरे वाटेतच बसत होती. सर्वांच्या मागे सुमना होती. तिच्या कडेवर मूल नव्हते.

ती बापाच्या बांधावर वाकली, शेतातले पाणी ओंजळीने प्याली आणि पुन्हा प्याली.

"बाबा, हे गोड आहे," ती म्हणाली. "माझं दूध आटलं होतं. सात दिवस मी त्याला नदीचं पाणी पाजलं."

भद्रकाने जवळ उभ्या असलेल्या बोधिसत्त्वांना विचारले, "पाटकरी, किती पीक जाईल म्हणाला होतास?"

"एक उन्हाळी पीक, दादा."

दुसऱ्या दिवशी भद्रकाने स्वतःच्या हाताने आपला बांध फोडला. गावाने पाट लिंपला. तीन वर्षांनी पाझराचा खारटपणा गेला. सांगवणात मात्र कोणी परतले नाही. तिथल्या रिकाम्या घाटावरून गोड पाणी नुसते वाहून जात असे.

भिक्खूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा भद्रक म्हणजे वरच्या घाटावर चीवर रंगवून रंगाचे पाणी ओढ्यात सोडणारा हा भिक्खू नंदिय. सुमना म्हणजे काल खालच्या वस्तीतून गढूळ पाण्याचे मडके दाखवायला आलेली ती बाई. आणि 'पुढच्या वर्षी' एवढे ऐकून दारातून उठून येणारा पाटकरी मीच होतो. आपल्याला न दिसणाऱ्याची तहान आजच ओळखणे, याला करुणा म्हणतात."

नंदिय उठला आणि रंगाची घंगाळे घाटावरून उचलून आणू लागला.