आचरेकरबाईंचं बियाणं

फार वर्षं झाली त्याला. कोळंबखार गावचा बांध फुटला आणि खाडी शेतात शिरली. पाणी ओसरलं, पण मीठ राहिलं. भात पेरावं, ते बोटभर वाढावं आणि करपून जावं. अर्धं गाव वीटभट्ट्यांवर गेलं, उरलेलं बोचकी बांधून बसलं.

तेव्हा विद्यापीठातून आचरेकरबाई आल्या. भाताच्या जातींवर संशोधन करायच्या त्या. चिखल जिभेवर ठेवून त्यात मीठ किती ते सांगायच्या, असं म्हणतात. त्यांचं पाऊल पडेल तिथलं मीठ विरघळायचं, असंही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! पण एवढं खरं, की बामी म्हात्रेच्या करपलेल्या शेतात त्यांना भाताची तीन रोपं जिवंत दिसली आणि बाई तिथेच चिखलात फतकल मारून बसल्या.

त्या तीन रोपांचं बी त्यांनी सात वर्षं जोपासलं. खाऱ्या चिखलात पेरायचं, टिकेल त्यातलंही निवडक ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. सातव्या वर्षी कुठे त्या लाल भाताचे दोन तांबे भरले. एक त्यांनी विद्यापीठात नेला, एक बामीच्या हवाली केला. बामी एकटी बाई, विधवा. गाव हसत होतं तेव्हाही बाईंना शेत तिनेच दिलं होतं.

पेरणीच्या तोंडावर बाई अचानक आल्या, त्या तापाने फणफणलेल्या. बोलवतसुद्धा नव्हतं. बामीने त्यांना निजवलं आणि डबे धुंडाळले. घरात तांदळाचा कण नव्हता. आजारी पाहुणीला उपाशी कसं ठेवायचं? बाईंचंच तर भात आहे, विद्यापीठात आणखी असेलच की, असं तिने मनाला समजावलं. चार दिवस ती ते भात कांडत होती आणि ग्लानीतल्या बाईंना पेज भरवत होती.

पाचव्या दिवशी ताप उतरला. बाईंनी वाडग्यात लालसर पेज पाहिली, मग बामीकडे पाहिलं. विद्यापीठातलं बी उंदरांनी फस्त केलं होतं, म्हणून तर त्या हे न्यायला आल्या होत्या. त्यांनी वाडगा संपवला आणि विचारलं, "तांब्यात काही उरलंय?"

मूठभर उरलं होतं.

"पुष्कळ झालं," बाई म्हणाल्या. "तीन रोपांपेक्षा जास्तच आहे."

पण त्या मुठीतून गावाला पुरेल एवढं बी व्हायला आणखी पाच वर्षं गेली. पाचव्या वर्षी सगळी खारजमीन लाल भाताने डोलली, भट्ट्यांवरची माणसं घरी परतली. बाई मात्र त्याच श्रावणात गेल्या. गावभरच्या त्या पिकाची एक लोंबी बघायला मिळाली नाही हो त्यांना! बामी पुढे पुष्कळ जगली, पण घास काही गोड लागला नाही तिला. शेवटपर्यंत एकच म्हणायची, "विचारलं असतं तर माझी जीभ झडली असती काय?"

आजही कोळंबखारात पेरणीआधी घरातली थोरली बाई बियाण्यावर हात ठेवून उभी राहते आणि मोठ्याने विचारते, "बाई, शिजवू की पेरू?" सगळं घर गप्प उभं राहतं, उत्तर यायला लागेल तेवढा वेळ. उत्तर येत नाही. मग पेरतात.