आप्पाची वाट

पाहुणे ही पेठ बघायला निघाले की थबकतात ते इथे. दोन्ही अंगांना दुकानं खेटून उभी, जागेचा भाव विचारायची सोय नाही, आणि मधोमध हा एवढा रुंद चर मोकळा पडलेला. त्यावर कुणी टपरी टाकलेली नाही की पत्रा ओढलेला नाही. वर तो तलावाचा बांध दिसतो ना, त्याच्या अलीकडच्या टोकाला खांड पडलेली आहे. चर तिथून निघतो आणि पेठेतून सरळ नदीला मिळतो. बोरजवळ्यात याला आप्पाची वाट म्हणतात.

आप्पा म्हणजे वीरभद्रप्पा कोळगे. निजामाच्या अमदानीतला सरकीचा व्यापारी. पोरवयात डोक्यावर गाठोडं घेऊन गावोगावचे बाजार करायचा, असं सांगतात. पुढे हाताला यश आलं. गावाला तेव्हा पाणी नव्हतं, बायका उन्हाळ्यात भल्या लांबून घागरी आणत. आप्पानं पदरचं घालून हा तलाव बांधला. मग धर्मशाळा बांधली, शाळेला जागा दिली. गाव त्याला देवासारखं मानायचं.

एकच गोष्ट त्यानं चुकीची केली. बांधाच्या या टोकाशी एक जुना ओढा होता. तो त्यानं बुजवला आणि त्या भरावावर आपली कापसाची जिनिंग उभी केली. शेजारीच घर बांधलं. तलावाचं जादा पाणी जायला दुसऱ्या टोकाला, कुंभारवाड्याकडे, अरुंदशी मोरी ठेवली. काही वर्षं काही झालं नाही.

मग एका साली हस्ताचा पाऊस लागला तो थांबेचना. दसरा तोंडावर आलेला, नव्या हंगामासाठी जिनिंगवर मजुरांची बिऱ्हाडं उतरलेली. दुपारी बांधाच्या मध्यावर खालून गढूळ पाणी पाझरायला लागलं. मोरीत झाडं-झुडपं अडकून ती तुंबली होती. सगळं गाव बांधाखाली. मधोमध बांध फुटला असता तर एक घर उरलं नसतं.

माणसं कुदळी घेऊन वर धावली. भिवाजी पाटील म्हणाले, "आप्पा, कुंभारवाड्याकडनं बांध फोडू. पाणी तिकडनं काढून देऊ."

"तिथं म्हातारी माणसं आहेत, बाळंतिणी आहेत," आप्पा म्हणाला. "एवढ्यात त्या कुठं निघतील?"

"मग काय करायचं म्हणता?"

आप्पाची बायको नीलव्वा त्याच्या मागोमाग बांधावर आली होती. तीच म्हणाली, "ओढा आपण बुजवलाय. पाणी त्याच्याच वाटेनं जाऊ द्या."

जिनिंगची नवी यंत्रं नुकतीच मुंबईहून आली होती. ती चालूसुद्धा झाली नव्हती. आप्पानं एकदा तिकडे पाहिलं आणि पाटलांच्या हातातली कुदळ घेतली. पण जिनिंगवर माणसं होती. नीलव्वा म्हणाली, "मी त्यांना बाहेर काढते. सगळे निघाले की जिनिंगची घंटा वाजवीन. घंटा थांबली की मी पण निघाले समजा. मग फोडा."

ती उतरून गेली. पावसात हातभर लांबचं दिसत नव्हतं. पाझर वाढत होता, मातीची ढेकळं सुटून खाली जात होती. लोक म्हणायला लागले, आप्पा, आता थांबू नका. तो कुदळ टेकून उभा होता. "घंटा होऊ दे," एवढंच म्हणायचा. दोघांनी त्याला बाजूला सारायला बघितलं, तर पाटीलच मध्ये आले म्हणे.

शेवटी घंटा ऐकू आली. वाऱ्यानं कधी यायची, कधी विरायची. आप्पा कान देऊन उभा. घंटा थांबली. नीलव्वाला ओढ्यापलीकडच्या टेकाडावर जाईतो थोडा वेळ द्यायचा, असं त्यानं मनात धरलं होतं. पण त्याच क्षणी बांधाच्या मध्यावरचा दगडी थर सरकला आणि माणसं ओरडत मागं पळाली.

आप्पानं कुदळ उचलली. "हे गाव वाचलं, तर या वाटेवर माझ्या वंशातला कुणी वीट ठेवणार नाही," असं तो म्हणाला आणि पहिला घाव घातला. असं सांगतात, की चोपून घातलेली ती माती लोण्यासारखी सुटली. पाण्यानं त्याच्या हातातली कुदळसुद्धा ओढून नेली. जिनिंग, गोदाम, घर, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत नदीकडे गेलं. मध्यावरचा पाझर मंदावला. कुंभारवाडा राहिला, गाव राहिलं.

लोक पाया पडायला आले. आप्पाचं लक्ष नव्हतं. तो खांडीच्या काठावर बसून होता. नीलव्वा टेकाडावर पोचली की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमाराला पाऊस उघडला. तेव्हा पलीकडच्या काठावर चिखलानं माखलेली मजूर माणसं दिसली. त्यांच्यात नीलव्वा होती, एका मजुरणीचं लेकरू कडेवर घेऊन. खांडीच्या दोन काठांना दोघं नवरा-बायको उभे राहिले. मध्ये पाणी धावत होतं.

"सगळे आलेत," ती म्हणाली. "मोजून घेतलेत."

आप्पानं नुसती मान हलवली आणि मग तोंडावर धोतराचा सोगा घेतला.

पुढे त्यानं गावातच भाड्याच्या खोलीत पुन्हा सरकीचं दुकान मांडलं. मोठा कधी झाला नाही. चराच्या दोन्ही अंगांना हळूहळू ही पेठ वसली, पण आप्पाचा शब्द गावानंही पाळला, चरावर कुणीच वीट ठेवली नाही. खंडेनवमीला इतर गावचे व्यापारी तराजू पुजतात. इथे आधी कुदळ पुजतात, आणि प्रत्येक दुकानदार चरातला गाळ आपल्या हातानं टोपलीभर काढतो. नवं दुकान घेणाऱ्याला हे करावंच लागतं, मग तो कुठल्याही जातीचा असो की धर्माचा.

आणि आजही हस्ताचा पाऊस जोरात आला की पेठेतले लोक गिऱ्हाईक सोडून ओट्यावर येतात. पाणी समोरून जातं. ते पार नदीला मिळेपर्यंत कुणी बसत नाही.