झुबकेरावांची दुरुस्ती

कौलांवरचं पाणी पत्र्याच्या पाइपातून खाली सोडायला माणसं नुकतीच शिकली होती, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका पाइपाच्या सांध्याखाली, भिंतीच्या खोबणीत झुबकेराव खार राहत असत. घरटं त्यांच्या बायकोनं विणलेलं होतं, काथ्याचं आणि सावरीच्या कापसाचं. ती उन्हाळ्यात गेली. पावसाळ्यात सांधा गळू लागला आणि घरट्यावर थेंब पडू लागले.

“भावोजी, घरटं हातभर हलवा,” शेजारची साळुंकी म्हणाली.

“तिनं मांडलेलं आहे, ते हलणार नाही. पाइपच दुरुस्त करतो.”

झुबकेरावांनी आजवर शेंगा फोडल्या होत्या, जोडलं कधीच काही नव्हतं. पण आवाज मात्र कसलेल्या कारागिराचा.

सांध्यात भरायला काहीतरी हवं होतं आणि बाहेर सगळं ओलं. त्यांनी घरट्यातला चिमूटभर काथ्या उपसला. “एवढ्यानं काय होतंय!” गळती जरा कमी झाली, तसा त्यांना हुरूप आला. मग आणखी एक चिमूट, मग कापसाचा बोळा. दिवसभर ते शेपूट उडवत, स्वतःलाच शाबासकी देत सांधा ठासत राहिले.

संध्याकाळी गळती थांबली.

“बघा वहिनी, घरट्यावर आता टिपूस पडणार नाही!”

साळुंकीनं खोबणीत डोकावून पाहिलं. “कुठल्या घरट्यावर, भावोजी?”

झुबकेराव वळले. खोबण ठणठणीत कोरडी होती, आणि रिकामी.

त्यांनी खोबणीकडे पाहिलं, वर सांध्याकडे पाहिलं. मग त्यांना हसूच फुटलं. सांध्याबाहेर आलेल्या मऊ कापसाला त्यांनी पाठ टेकली.

“वहिनी,” ते म्हणाले, “शेवटी हातभर हलवलंच की हो मी.”