नव्या बुबुळातले जुने ठिपके

एका वृद्ध नेत्रवैद्यांच्या हाताखाली एक शिष्या तयार झाली होती. हात असा, की टाका पडला हे डोळ्यालासुद्धा कळू नये! आठ वर्षांपूर्वी तिने पांढऱ्या ठिपक्यांनी नजर झाकोळलेल्या केरबा गवंड्याच्या डोळ्यात दानात मिळालेले बुबुळ बसवले आणि आनंदाच्या भरात बोलून गेली, "केरबा, आता जन्मभर काळजी नको." शेजारी उभे असलेले गुरू तेव्हा काहीच बोलले नव्हते.

तोच केरबा आज परत आला होता. ओळंब्याची दोरी अंधुक दिसते म्हणत होता. शिष्येने यंत्रातून पाहिले. त्या निर्मळ बुबुळात जुनेच पांढरे ठिपके पुन्हा उमटले होते! स्वतःचा शब्द आता तिला गिळवेना आणि थुंकवेना. "थेंब देते, बरं वाटेल," असे पुटपुटत तिने चिठ्ठी लिहायला घेतली. थेंबांनी ते ठिपके जाणार नाहीत, हे तिला पुरते ठाऊक होते.

वृद्धांनी ती चिठ्ठी काढून घेतली. डोळा तपासायचे सोडून त्यांनी केरबाचा हात धरला आणि त्याला मागच्या भिंतीपाशी नेले. "या भिंतीला काय झालंय, बघ बरं." शिष्येला काही उमगेना. बाहेर रुग्णांची ही रांग, आणि गुरूंना भिंत सुचते आहे!

केरबाने सुटलेला पोपडा चिमटीत चुरडला, जिभेला लावला. "लोणा हाय, मोठे डॉक्टर. खारट लागतंय."

"मग गिलावा वाईट झाला म्हणायचा?"

"छ्या! गिलावा झ्याक हाय. मीठ भिंतीच्या पोटातलं. नवा केला तरी चार-सहा वर्सांनी फुटणारच."

"मग करतोस कशाला?"

"आता काय बोलावं! तेवढी वर्सं माणसं त्या घरात सुखानं ऱ्हात्यात की!"

वृद्ध शिष्येकडे वळले. "बाळ, बुबुळ नवं, पण शरीर त्याचंच. हा रोग त्याला वाडवडिलांकडून आलाय. तो हळूहळू नव्या बुबुळातही उतरतो. तुझा टाका चुकला नाही, बोलणं चुकलं. त्या दिवशी मी गप्प बसलो, ती माझी चूक. पण आज ते बोलणं झाकण्यासाठी तू याची दृष्टी पणाला लावत होतीस."

तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरी रागाचा एक शब्द न काढता स्वतःची चूक आधी पुढे करणाऱ्या त्या म्हाताऱ्याविषयी तिचे मन भरून आले. ती केरबासमोर जाऊन बसली. "केरबा, मी चुकीचं सांगितलं होतं. रोग परत आलाय. पुन्हा बुबुळ बसवलं तर दिसेल, पण काही वर्षांनी तो पुन्हा येईल."

केरबाने बोटांना लागलेला पोपड्याचा चुरा झटकला. मग म्हणाला, "आठ वर्सं दिसलं, बाई. सात घरं उभी केली म्या. बसवा पुन्यांदा. फकस्त या बारीला जन्मभराचं सांगू नका. किती वर्सं, तेवढं सांगा. तेवढ्यात पुरं हुईल असंच काम अंगावर घेतो."