घाटाआधीची सही

रणधीर कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता; वादात त्याच्यापुढे कुणी टिकत नसे. पन्हाळ्याच्या सहलीत भरदुपारी दोन बिअर रिचवून तो गाडीची चावी फिरवत मित्रांना म्हणाला, "शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल कायद्याला चालतं. मी मर्यादेत आहे. बसा."

वर्गातल्या मुक्ताने नुसतं सरबत घेतलं होतं. परतीच्या घाटाची वळणं तिला आठवली. तिने वही पुढे केली.

"मग लिहून दे, आमच्या जिवाची जबाबदारी तुझी."

त्याने झोकात सही ठोकली आणि हसला. "वेडे, नशेत केलेली सही कोर्टात टिकत नाही."

मुक्ता शांतपणे म्हणाली, "सहीपुरता नशेत आणि गाडीपुरता शुद्धीत, असं कुठलं कलम आहे रे?"

रणधीरने चावी तिच्या हातावर ठेवली. तो मागच्या सीटवर जाऊन बसला.