कैतान पाटलांची गोठ्यातली जागा

“यंदाच्या नाताळच्या गोठ्यात माझी मूर्ती पाहिजे,” कैतान पाटलांनी फर्मावलं.

रेजिनबाय मातीचा गोळा हातात धरून तशीच थांबली. देवळातल्या गोठ्यासाठी येशूबाळ, मरियामाई, मेंढपाळ, तीन राजे ती दरवर्षी घडवायची. पाटील त्यात कधी नव्हते.

याला कारण फादर. रविवारी त्यांनी नम्रतेवर प्रवचन दिलं आणि सगळं देऊळ माना वळवून पाटलांकडे बघू लागलं. पाटलांनी देवळाला बाक दिले, घंटा दिली आणि प्रत्येकावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. घंटेवरची पाटी खालून दिसत नाही, म्हणून एक दोरीलाही टांगली.

“नीट ऐक,” पाटील म्हणाले. “मी राजांच्या आधी पोचलेला पाहिजे. बाळाच्या अगदी जवळ पाहिजे. गुडघे मात्र टेकणार नाही, रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेला टेकतो तेवढे पुरे. आणि बघणाऱ्यानं म्हटलं पाहिजे, काय ही नम्रता!”

“पाटील, ताठ उभं राहून नम्र कसं दिसायचं?”

“ते तुझं तू बघ. जमलं तर तुझ्या झोपडीची जागा तुझ्या नावावर. नाही जमलं तर नाताळनंतर माझी वाडी सोडायची.”

रेजिनबाय एकटी विधवा बाई, त्या झोपडीशिवाय तिला आसरा नव्हता. पण रडत बसण्यातली ती नव्हे. तिनं पाटलांची जुनी लाल टोपी तेवढी मागून घेतली.

“मूर्ती कुणाची ते लोकांना कळायला नको का?” ती म्हणाली. पाटील खूश झाले.

नाताळच्या आदल्या सकाळी सगळ्या गावासमोर गोठ्यावरचा पडदा सरला. राजे अजून उंटांसोबत वाटेवरच होते. मेंढपाळ गुडघ्यांवर होते. आणि बाळाच्या गव्हाणीला नाक लावून उभं होतं एक गाढव. डोक्यावर पाटलांची लाल टोपी!

हसायची कुणाची छाती झाली नाही. फादरांना मात्र एकाएकी खोकला आला.

“मला गाढव केलंस?” पाटील कडाडले.

“जागा तुम्हीच सांगितली, पाटील. राजे मागाहून आले, गाढव बाळ जन्मायच्या आधीपासून हजर. बाळाच्या इतकं जवळ मेंढपाळसुद्धा नाहीत. आणि गुडघे न टेकता उभं राहायची मुभा इथे बैलाला आणि गाढवाला. बैलाची शिंगं बघून त्याला नम्र कोण म्हणेल?”

“आणि गाढवाला म्हणतील?”

“का नाही म्हणणार? पार नाझरेथपासून मरियामाईला त्यानं पाठीवर आणलं. एवढं मोठं काम केलं, पण कुठे नावाची पाटी दिसते का बघा.”

मागच्या बाकावरून एक म्हातारी कळवळून बोलली, “खरंच गं बाई, काय ही नम्रता!”

पाटलांनी गाढवाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हलायला लागलं आणि मग ते असे हसले की सगळं देऊळ सुटका झाल्यासारखं हसत सुटलं.

“जागा तुझी, रेजिन,” डोळे पुसत ते म्हणाले. “आणि कुणीतरी ती दोरीवरची पाटी काढा रे. पण काय गं, याचे कान जरा जास्तच लांब झाले नाहीत का? थोडे कमी कर.”

“राहू द्या, पाटील,” रेजिनबाय म्हणाली. “फादरांचं उद्याचं प्रवचन अजून ऐकायचंय.”