हिरवा आत, तांबडा बाहेर

“...म्हणजे मी जाऊ नये, असंच ना, बाई?”

घारपुरेबाई एक भिंग पुसत होत्या.

हृषीकेश परदेशात अर्धवाहकांवर, म्हणजे सेमीकंडक्टरांवर, डॉक्टरेट करून वर्षापूर्वी बाईंच्या प्रयोगशाळेत परतला होता. आता तो पुन्हा तिकडं निघाला होता. बाईंचा निरोप तेवढा घ्यायचा राहिला होता.

“तिकडं कुणी आडवं येत नव्हतं. इथं रोज आपले शिंत्रे सर आडवे! द्रव नायट्रोजन आधी कुणी घ्यायचा, यावरसुद्धा भांडण. माझा सगळा वेग इथंच संपतो.”

“चष्मा लाव,” बाई म्हणाल्या.

त्यांनी लेझर सुरू केला. हिरवा किरण मेजावरच्या स्फटिकावर पडला. नारिंगी चष्म्यातून किरण दिसेना. दिसला तो एक तांबडा ठिपका.

“हिरवा आत, तांबडा बाहेर. मधे काय झालं?”

हृषीकेश हसला. “हे मला विचारता? किरणानं इलेक्ट्रॉन उडवला. मागं राहिलेल्या रिकाम्या जागेशी त्याची जोडी जमली. तोच एक्सायटॉन. इलेक्ट्रॉन त्या जागेत परतला, की प्रकाश.”

“लगेच?”

“छे. आधी जोडी भरधाव असते. तेवढा वेग प्रकाशाला पेलत नाही. स्फटिकातल्या थरथरत्या अणूंवर आपटत आपटत ती मंदावते... मगच उजळते.”

“आणि आपटलीच नाही तर?”

“तर...” तो थांबला. “अंधारातच धावत राहील.”

बाई भिंग पुसत राहिल्या.

“पण सगळ्याच जोड्या उजळत नाहीत,” तो त्वेषानं म्हणाला. “काही स्फटिकातल्या एखाद्या दोषात अडकतात. तिथंच विझतात.”

“विझतात,” बाई म्हणाल्या.

त्यांनी भिंग उजेडाकडं धरलं.

“आपटताना जाते, ती ऊर्जा कुठं जाते?”

“स्फटिकात. तो किंचित तापतो. इतका किंचित, की मोजणंही कठीण.”

“हं.”

बाईंनी लेझर बंद केला. ठिपका गेला.

हृषीकेशनं चष्मा काढला. “माझीही ऊर्जा गेली, बाई. वर्षभराची. ती कुठं गेली, तेवढं सांगा. मग जातो.”

बाईंनी भिंग जागेवर बसवलं.

बाहेर व्हरांड्यात शिंत्रे सर कुणावर तरी ओरडत होते, “अरे, असं मापन करतात का? पुन्हा घे! मी थांबतो!”

हृषीकेशनं दाराकडं पाहिलं...

बाई म्हणाल्या, “तू यायच्या आधी हा माणूस दुपारभर नुसतं वर्तमानपत्र वाचत बसायचा.”